आक्काच्या हातची सतरा इंची चाकं

आबा, आक्कानं बांधलेली दोन चाकं परवा माझ्या गॅरेजमध्ये आली आणि मी ती भिंतीकडं तोंड करून टेकवून ठेवली, जसं काही चाकांना तोंड असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडली. वलवणला धरणाच्या रस्त्यावर माझं स्वतःचं गॅरेज आहे. पावसाळ्यात फिरायला आलेल्यांची मोटरसायकल बंद पडली की चहावाल्यापासून पोलिसापर्यंत सगळे ज्याच्याकडं बोट दाखवतात, तो मी. आणि तरी सख्ख्या बहिणीच्या हातची दोन चाकं बघून माझ्या पोटात दुखतं. हे बायकोलाही सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही बाप, आणि सुरुवात तुमच्यापासून झाली.

वडगावला कोर्टाच्या मागच्या गल्लीतलं आपलं सायकलचं दुकान मला आजही इंचाइंचानं सांगता येईल. दारातून आत गेलं की उजव्या हाताला सागाची जाड फळी, आणि त्या फळीला उलटा ठोकलेला जुन्या सायकलचा चिमटा. त्यात चाक अडकवायचं, फिरवायचं, रिंगेजवळ खडू धरायचा. जिथं खडू लागला तिथं चाक आऊट. असा आऊट सगळ्याच दुकानांत काढत. तुम्ही खडू धरायचात तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. खरं काम तुम्ही पान्याच्या मुठीनं करायचात. चाकाच्या एकेका तारेवर हलकेच टिचकी, मान तिरकी, डोळे मिटलेले. सैल तार वेगळी बोलते, म्हणायचात. उजव्या बाजूची तार उजवीशी जुळवायची, डावी डावीशी, आणि एका बाजूच्या सगळ्या एका सुरात आल्या की चाक आपोआप सरळ होतं आणि सरळ राहतं. वडिवळ्याकडचे दूधवाले पाठीमागं भरलेले कॅन बांधून खड्ड्यांतून यायचे, पण तुम्ही बांधलेलं चाक घेऊन परत कुणी तक्रारीला आलेलं मला आठवत नाही.

मे महिन्याची सुट्टी आहे. मी चौथी संपवून पाचवीत जाणार. तुम्ही मला हाक मारता, फळीजवळ उभं करता, एका बाजूच्या तारा ओळीनं वाजवता आणि विचारता, कंची येगळी वाजली? मी खरं तेच सांगतो. सगळ्या सारख्याच वाजत्यात, आबा. तुम्ही पुन्हा वाजवता. मी पुन्हा तेच सांगतो. तुम्ही रागावला असतात तर मी विसरूनही गेलो असतो. तुम्ही रागावला नाहीत. पाना खाली ठेवलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "मग तुझा कान न्हाई, बाबा. तू आपलं शाळंवर ध्यान दे." आक्का तेव्हा तुमचा डबा घेऊन आली होती, फडक्याची गाठ सोडत बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती मान वर न करता म्हणाली, "हवेच्या व्हॉलच्या शेजारची." तुम्ही भाकरीला लावलेला हात मागं घेतलात आणि तिच्याकडं बघितलंत. ते बघणं मी मोजून लक्षात ठेवलंय, आबा. दहावी पास झालो तेव्हा, लग्नात, गॅरेजच्या उद्घाटनाला तुम्ही तुमचा पांढरा सदरा घालून आलात तेव्हा, प्रत्येक वेळी मी तुमच्या तोंडाकडं ते शोधलं.

त्या दिवसापासून आक्काचा डबा पोचवून परत यायला संध्याकाळ व्हायला लागली. आई ओरडायची, पोरगी काळ्या हातांनी घरी येते म्हणून. तुम्ही तिला दुसऱ्या दिवशीही थांबवून घ्यायचात. मी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी थांबायचो आणि तिथून बघायचो: तुमचा हात, त्याच्याखाली तिचा हात, तिच्या हातात तारा आवळायची चावी. पुढं तिला गावातच दिली, नवऱ्याची नोकरी तिथलीच, म्हणून दुकान तिच्याकडं राहिलं हे सगळ्यांना रीतसर वाटतं. मलाही वाटायला हवं.

मी लोणावळ्याला आलो आणि जे शिकलो ते कुणाच्या हाताखाली नाही. इंजिन उघडून, बिघडवून, परत उघडून शिकलो. मला हे सांगायला आवडतं आणि मी ते फार वेळा सांगतो, असं बायको म्हणते. गॅरेजमध्ये माझं प्रत्येक काम मापानं होतं. पोरं अंदाजानं नट आवळतात, मी आवळत नाही. चाकाचा आऊट मी डायल गेजवर बघतो. काटा किती हलला ते डोळ्यांना दिसतं, त्याला मान तिरकी करावी लागत नाही. आणि जाडी-रुंदी मोजायचं व्हर्नियर तर तुम्हीच दिलेलं. दहावीच्या निकालानंतर एका बुधवारी तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलंत, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. तुम्हाला स्वतःला ते वाचता येत नव्हतं. माझ्या हातात देताना म्हणालात, "ह्याला कान लागत न्हाई." ते मी टोमणा म्हणून घेतलं आणि टोमणा म्हणूनच जपलं.

आता चाकांचं सांगतो. माझी पोरगी, तुमची नात, तुम्ही गेलात तेव्हा नुकती पाळण्यातून उतरली होती, आता तळेगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तिनं दोन वर्षांपूर्वी कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांना चालणारी उंच गाडी घेतली, पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, टायरला शेतातल्या ढेकळांसारखे गोटे. रविवारी ती वडिवळ्याच्या धरणापलीकडं डोंगरात जाते, तिथं ते टायर झकास. पण सोमवार ते शनिवार वलवण ते तळेगाव हायवेनं जायचं, पावसात, आणि ओल्या डांबरावर ते गोटे घसरतात. ब्रेक दाबला की गाडी थांबायचा विचार करते, असं ती म्हणाली. तिला रस्त्याच्या चाकांचा दुसरा जोड हवा होता. तारा ज्यांच्यात अडकतात ते मधले हब तिनं जुने मिळवले होते. आठवडाभर हा जोड, रविवारी तो. आणि ती सगळ्यात आधी माझ्याकडं आली, आबा. "पप्पा, कुठल्या रिंगा आणि कुठले टायर, हे तुम्हीच सांगा." पोरगी हायवेवर असते तेव्हा तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये तळहाताएवढे दोन तुकडे रबराचे असतात. ते मी निवडायचे. मला आणखी काय हवं होतं?

ती मोबाइलवर फोटो घेऊन आली होती. पुढंमागं सतरा इंची चाकं, मागचा टायर दीडशे मिलिमीटर रुंदीचा, रोड रोलरसारखा. मी तिला खाली बसवलं, गाडी स्टँडवर घेतली आणि व्हर्नियर काढलं. टायर आणि चेन यांच्यात किती जागा आहे ते तिला तिच्या डोळ्यांनी वाचायला लावलं. दीडशेचा घातला तर चेन टायरच्या कडेला घासणार. समजा नाही घासली, तरी त्याला रिंगही तेवढी रुंद हवी. हबवर साडेतीन इंचाच्या वर रिंग नीट बसत नाही, आणि साडेतीनच्या रिंगेत दीडशेचा टायर कोंबला की तो चंचीसारखा आवळला जातो, मध्येच फुगतो आणि रस्त्याला नुसता मधून टेकतो. वळणावर झुकलीस की मग काय करशील? मागं एकशे तीस, सत्तरच्या उंचीचा, म्हणजे रुंदीच्या सत्तर टक्के उंच. पुढं पावणेतीन इंचाची रिंग आणि एकशे दहाचा टायर. पण सत्तरच्या उंचीचा नाही, ऐंशीचा. का, तर एकवीसचं चाक काढून सतराचं घातलं की पुढून गाडी खाली बसते. ऐंशीनं ती साडेचार सेंटीमीटर बसेल, सत्तरनं साडेपाच, आणि मागून मात्र दोनच्या आतच. नाक जेवढं खाली जाईल तेवढं हँडल चटकन वळणार. थोडं चटकन चांगलं. फार झालं की हायवेवर ट्रकच्या वाऱ्यानं गाडी अंगात आल्यासारखी करते.

ट्यूबलेस हवं म्हणाली. तारांच्या रिंगेला जेवढ्या तारा तेवढी भोकं असतात, हवा तिथून जाते; ती भोकं पट्ट्या लावून बुजवणारे आहेत, पण माझ्या पोरीच्या चाकात मी पट्टीवर भरवसा ठेवणार नाही. ट्यूब घालायची आणि ती बदलायला शिकायचं. नक्षी अशी हवी की पाणी बाजूला फेकलं जाईल. फोटोतल्या गाडीला होता तसला गुळगुळीत टायर घाटाच्या तोंडावर राहून घालायचा म्हणजे शेवाळावर चप्पल घालून नाचायचं. दुकानदारानं पहिल्यांदा जो मागचा टायर पाठवला तो मी परत केला. त्याच्या कडेला बनवल्याचा आठवडा आणि साल असतं, तो चार वर्षं गोदामात पडलेला होता. रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं. पोरगी हसून म्हणाली, "पप्पा, तुम्ही भाजीसुद्धा अशीच घेता." तो महिना फार चांगला गेला, आबा. रोज संध्याकाळी ती कामावरून थेट गॅरेजला यायची. पुढच्या चाकावरून वेग मोजला जातो, आता चाक लहान झाल्यामुळं खरे पन्नास असताना आकडा सत्तावन्न दाखवेल, हे मी तिला गणित करून सांगितलं. बाप म्हणून मला ते फार आवडलं.

मग रिंगा आल्या, तारा आल्या, आणि ती सहज म्हणाली, रविवारी आत्याकडं जाऊन चाकं बांधून घेऊ. मी डायल गेजवरची धूळ पुसत होतो. म्हटलं, मी बांधतो की.  मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, तुम्ही बांधलेलं चाक बरोबर असतं. आत्यानं बांधलेलं बरोबर राहतं."

ते खरं आहे. माझ्या चाकाचा काटा पहिल्या दिवशी केसभर हलत नाही. मग गिऱ्हाईक दोनदा घाट चढून-उतरून येतं आणि काटा हलायला लागतो. कारण मला माहीत आहे. रिंग सरळ दिसावी म्हणून मी एक तार जास्त ओढतो, दुसरी ढिली सोडतो. रिंग फसते, पण तारा फसत नाहीत. कारण माहीत असणं आणि हातात येणं यात वडगाव ते वलवण एवढं अंतर आहे. पण हे माझ्या पोरीनं मला सांगावं? तिला ते कुणी दाखवलं? सुट्ट्यांमध्ये आत्याकडं राहायला जायची, तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी नव्हतो, एवढंच.

रविवारी आम्ही वडगावला गेलो. दुकान तुम्ही सोडलंत तिथंच आहे. शटर नवं आहे, पुण्याहून येणाऱ्यांच्या महागड्या सायकली लटकलेल्या आहेत, पण फळी तीच आणि चिमटा तोच, फक्त जाड चाकासाठी आक्कानं त्याच्या शेजारी दुसरा रुंद बसवून घेतलाय. तिनं मला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. पाहुण्याला देतात तसं स्टूल. मी रिंगेची रुंदी, टायरचं माप, सगळं तिला सांगितलं, दीडशेचं भांडणही सांगितलं. मला वाटलं ती पोरीची बाजू घेईल आणि मग मापं दाखवून मी जिंकेन. ती म्हणाली, "बाप बरूबर सांगतोय गं. आबाबी हेच म्हनायचे, रिंगेपरीस टायर मोटा नको." आणि पोरीनं लगेच मान डोलावली. चार संध्याकाळी मी घसा कोरडा करून सांगितलं तेव्हा नाही, तुमचं नाव आलं तेव्हा. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे आबांनी नाही, मी शोधून काढलंय. आबांनी आयुष्यात सतरा इंची रिंग बघितली नव्हती. तुम्ही मरूनही माझ्या वाटणीचं घेऊन जाता, आबा.

आक्कानं तारा भरल्या. तुम्ही भरायचात तशाच, आधी एका बाजूच्या आतल्या, मग हब फिरवून दुसऱ्या, बोलता बोलता, हाताकडं न बघता. हब रिंगेच्या मध्यापासून किती बाजूला हवा, म्हणजे मागचं चाक चेनच्या रेषेत येईल, हे ठरवायची वेळ आली तेव्हा तिनं हात पुढं केला. "तुजं ते माप दे की." मी व्हर्नियर दिलं नाही, स्वतः उठून मोजलं, दोनदा, आणि आकडा सांगितला. तिनं विचारलंही नाही की नक्की ना. तो आकडा धरून ती पुढं गेली. मग चाक चिमट्यात चढलं, खडू लागला, सुटला, आणि तिनं पान्याच्या मुठीनं टिचक्या मारायला सुरुवात केली. मान तिरकी. डोळे मिटलेले.  ती थांबली, पोरीला जवळ ओढलं, एका बाजूच्या तारा ओळीनं वाजवल्या आणि विचारलं, कुठली?

मला उत्तर माहीत होतं. म्हणजे तार कुठली ते नाही. पोरगी काय सांगणार ते. तिनं मान वर केली नाही. "ही. ही जरा दबून बोलते." आणि आक्कानं तिच्याकडं बघितलं, आबा. अगदी तेच बघणं. मी चहाचा कप तोंडाला लावला, तो रिकामा होता.

निघताना पोरगी चाकं गाडीला बांधत होती आणि आक्का माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझ्या खिशातून व्हर्नियर डोकावत होतं, त्याच्याकडं बघून म्हणाली, अजून तेच व्हय? म्हटलं, तेच. तुला तारांची चावी मिळाली, मला हे. ती हसली नाही. "चावी काय, गल्ल्यावर पडलेली असायची. तुज्यासाटी आबा दुकान बंद ठिवून पुन्याला गेलते. भर बुदवारी. माज्यासाटी कदी दुकान बंद न्हाई ठिवलं." एवढं बोलून ती आत गेली आणि कुणाच्या तरी सायकलच्या पंक्चरला लागली. मी गाडीवर बसलो.  कामशेत गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. चाळीस वर्षं मी तिच्यावर जळतोय आणि ती माझ्यावर. त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं. तुमच्या पोरांना तुम्ही हेच दिलंत का, असंही मनात आलं, पण ते जेवण झाल्यावर.

काल चाकं चढवली. टायरवरचा बाण फिरायच्या दिशेनं, ट्यूबला पीळ नाही, चेन आणि टायरमध्ये माझ्या आकड्याएवढीच जागा. पोरगी हेल्मेट आणायला घरी गेली तेव्हा मी डायल गेज लावलं होतं. काटा हलला, माझ्या चाकाला हलतो त्यापेक्षा किंचित जास्तच हलला. आपण दोघं सोडून हे कुणाला कळायचं कारण नाही. पोरगी आली, तिनं गाडी स्टँडवरून घेतली, हायवेला एक फेरी मारून आली आणि म्हणाली की गाडी आता मनात आणलं की वळते. मग तिनं साइड स्टँड लावलं आणि गाडी जवळजवळ सरळ उभी राहिली, वाऱ्यानंसुद्धा पलीकडं पडेल अशी. गाडी खाली आली म्हणजे स्टँड लांब झालं. हे तिच्या फोटोतही नव्हतं आणि आक्काच्या कानातही. मी आत जाऊन दुसरं, आखूड स्टँड घेऊन आलो. मोजून, कापून, पाय वेल्ड करून आठ दिवसांपूर्वीच करून ठेवलं होतं. तोच बोल्ट, रविवारी काढायचं, सोमवारी घालायचं. गाडी कशी आरामात कलून उभी राहिली. पोरीनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं तुमच्यासारखं होतं का नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी लगेच पाने गोळा करायला वाकलो.

हे पत्र कुठं पाठवायचं? तुमच्या नावाचं पत्र येतं ते अजून वडगावच्या दुकानात, आणि तिथं ते आक्का उघडेल. तिनं हे वाचता कामा नये, विशेषतः पुढचं. डायल गेज काढून ठेवल्यावर पोरगी यायला अजून अवकाश होता. रस्त्यावर कुणी नाही हे बघितलं, पाना उलटा धरला आणि मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारा ओळीनं वाजवल्या, मान तिरकी करून, डोळे मिटून. मग डाव्या. मग व्हॉलच्या शेजारची पुन्हा एकदा. सगळ्या सारख्याच वाजत्यात, आबा. चाक चांगलं बांधलंय म्हणून, की माझा कान अजून तसाच आहे म्हणून, ते मला कळलं नाही.